आमच्या बांधातून गेलेली वायर

ऋतू, ये, अशी जवळ बस. आणि तो फोन आधी पालथा ठेव. दिवाळीला आलीस ती दीड दिवसासाठी, त्यातला अर्धा दिवस पाण्याच्या टाकीवर उभं राहून काढलास. खाली तुझी आई करंज्यांचं ताट घेऊन उभी, आणि वर तू कानात ती बोंडं घालून कुणाला तरी सांगतेस की मी दिसत नसेन पण ऐकू येतेय ना. ही काय गं भेट झाली? नात टाकीवर आणि आजी ओट्यावर! निघताना गाडीचं दार लावता लावता म्हणालीस, "आजी, इथं नेट असतं ना, तर महिना महिना इथूनच काम केलं असतं मी." तू बोलून गेलीस पुण्याला. मी मात्र त्या एका वाक्यापाशी अजून बसलेय. म्हणून ही वही पुन्हा काढली. तुला समोर बसवून सांगायचं धाडस नाही, तेव्हा कागदावर बसवते. चुळबुळ करू नकोस. मला बोलायला वेळ लागतो, तुला माहीत आहे.

या वहीत आत्तापर्यंत माझ्या सायखेड्याच्या लहानपणाचं लिहिलं. हे प्रकरण तुझ्या वाढत्या वयाचं आहे. दत्तू, म्हणजे तुझा बाप, म्हणाला, "आई, तू तुझं लिही ना, तिचं कशाला?" त्याला काय सांगू? त्या एका वर्षात तू जेवढी मोठी झालीस तेवढीच मीही झाले, साठी उलटल्यावर. माणूस एकदाच मोठं होतं असं कुणी सांगितलं? मी शाळेत तिसरीपर्यंत गेले. बाकीचं वाचन बियाण्यांच्या पाकिटांवर आणि फुलं गुंडाळायला आणलेल्या रद्दीवर झालं. मराठी वाचते, हिंदी अडखळत वाचते, इंग्रजी नुसतं बघते. हे लक्षात ठेव, पुढं त्याचं काम पडणार आहे.

साल काय होतं ते मी लिहीत नाही. सगळे तोंडाला फडकं बांधून फिरत होते, एवढं पुरे. देवळं बंद, लग्नं बंद, म्हणजे आमच्या फुलांना विचारणारं कुणी नाही. पहिले दोन महिने तर गुलाबाच्या टोपल्या गाईपुढं रिकाम्या केल्या. गाई पण कंटाळल्या, वास घेऊन तोंड फिरवायला लागल्या. अंबडच्या कारखान्यातली दत्तूची पाळी कधी असायची, कधी नसायची. घरात असला की तो विनाकारण मोटर दुरुस्त करायचा. मंगल, तुझी आई, चुलीपुढं. आणि तू पडवीच्या कोपऱ्यात, फोन ज्वारीच्या डब्याला टेकवून. त्या वर्षी घरात एकच आवाज भरून राहिला होता, तुमच्या मास्तरांचा: "मुलांनो, आवाज येतोय का? येतोय का आवाज?" आवाज यायचा, तुटायचा, मास्तरांचं तोंड उघडंच राहायचं, आणि मग एकदम पुढचं भलतंच गणित सुरू. मंगलला त्या वाक्याची इतकी सवय झाली की पीठ मळता मळता मला हाक मारायची ती पण तशीच, "आई, आवाज येतोय का?" आम्ही हसायचो. तू हसायची नाहीस. तुझ्या वहीत अर्धी गणितं असायची, वरची बाजू आहे तर खालची नाही. दुपारी भाकरी, कांद्याची पात आणि शेंगदाण्याचा ओला ठेचा घेऊन बसायचो तोवर तुझा दिवसाचा डेटा संपलेला. मग तू ताटाकडं न बघता जेवायचीस. मळा नदीच्या अंगाला खोलगट, त्यात समोर त्या सोसायटीच्या तीन बिल्डिंगी उठलेल्या. आमच्याकडं रेंज यायची ती त्यांना वळसा घालून, दमून.

आणि गंमत बघ, जगातलं सगळ्यात वेगाचं नेट तेव्हा आमच्याच बांधातून वाहत होतं. ते कसं आलं, हे तुला अर्धवट माहीत आहे. पूर्ण सांगते. पण त्याआधी माझ्या माहेरी जावं लागेल.

सायखेड्याला माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, वांगी-टोमॅटो करायचे. वरच्या अंगाला विहीर एका चुलत्याची, खालच्या अंगाला जमीन दुसऱ्याची, आणि मध्ये आम्ही. म्हणजे वरच्याचं पाणी खालच्याच्या वावरात जायचं तर आमच्या बांधावरून पाट काढावा लागायचा. या पाटाला आमच्याकडं कधी कुणी नाही म्हटलं नाही आणि कधी कुणी कागद केला नाही. पाण्याला वाट द्यायचीच. पण रीत अशी, की ज्याच्या बांधावरून पाट जाईल त्याचा एक वाफा आधी भिजायचा. मग पाणी पुढं. हे कुणी ठरवलं, मला माहीत नाही. मी आठ-नऊ वर्षांची असताना हातात छोटं फावडं घेऊन दारं धरायची, म्हणजे वाफ्याचं तोंड फोडायचं, पाणी आत घ्यायचं, भरला की माती लावून बंद करायचं. तो गार मातीचा लगदा तळपायाला लागायचा आणि पाटाचा बारीक आवाज, जसं कुणी शेजारी बसून हळू बोलतंय. खालचे काका पाण्याची वाट बघत उभे असायचे, पण आमचा वाफा भरेस्तोवर "चल गं, आटप" असं कधी म्हणाले नाहीत. मी जगाबद्दल जे काही शिकले त्यातलं अर्धं त्या पाटावर शिकले. आणि तेच मला नडलं.

तर त्या वर्षी एक दिवस इथं मळ्यात खोदकामाचा मुकादम आला. चांगला माणूस, बोलायला गोड, पायात मातीचे बूट. म्हणाला, "मावशी, बांधाच्या कडंनं एक चर खणायचा हाय. कमरेइतका खोल. वायर टाकून परत बुजवून देतो. कळणार पण नाय तुम्हाला."

"कशाची वायर रे?"

"फायबरची. इंटरनेटची. समोरच्या सोसायटीला न्यायचीय. रस्त्याकडनं खडक लागतोय, तुमच्याकडनं मऊ हाय."

"मग आम्हाला?"

"तुम्हाला तर पयलं, मावशी. तुमच्याच दारातनं चाललीय."

झालं. माझ्या डोक्यात पाट वाहायला लागला. मंगल मागून कुजबुजली, "आई, एखादा कागद तरी घ्या त्याच्याकडनं." मी तिच्यावर डाफरले. म्हटलं, वाट द्यायला कधी कुणी कागद मागतं का? आणि नुसती परवानगी दिली नाही गं मी! चर खणायच्या आधी नारळ फोडला, विहिरीला वाहतात तसं कुदळीला हळद-कुंकू वाहिलं. चार दिवस आठ माणसांना भाकऱ्या, पिठलं, वर चहा. मंगल तव्यापुढं बसून घाम पुसायची आणि माझ्याकडं बघायची. मी म्हणायची, अगं, ऋतूच्या मास्तरांचं तोंड आता उघडं राहणार नाही. पाचव्या दिवशी माणसं चर बुजवून गेली. वायर पुढं गेली. आमचा वाफा कोरडाच.

मी महिनाभर वाट पाहिली. आम्हा फुलवाल्यांची सवयच ती, कळी दिसली म्हणजे फूल येणारच. सोसायटीत मी रोज सकाळी फुलांच्या पुड्या द्यायची. आत जायला बंदी होती, गेटवर टोपली ठेवायची. वरून खिडक्यांतून मुलांचे आवाज, मास्तरांचे आवाज, कुणाचं तोंड उघडं राहत नव्हतं. सरळ, सलग, नळाच्या पाण्यासारखा आवाज. मी गेटवर उभी राहून ऐकायची आणि मनात म्हणायची, हे माझ्या बांधातून आलंय.

शेवटी दत्तूला घेऊन मी त्या वायरवाल्या कंपनीच्या ऑफिसात गेले. काचेमागं एक पोरगी. दत्तूनं पत्ता सांगितला. तिनं टाइप केलं आणि म्हणाली, "सर, तुमचं लोकेशन फीजिबल दाखवत नाहीये."

"म्हणजे काय हो ताई?"

"म्हणजे तिथं आमची सर्व्हिस जात नाही."

"जात नाही कशी? आमच्या बांधातनंच गेलीय!"

"ती मेन लाइन आहे सर. त्यातून एकेक कनेक्शन निघत नाही. मध्ये बॉक्स बसवावा लागतो. बॉक्ससाठी तीस घरं तरी लागतात. तुमच्याकडं किती?"

"सहा," दत्तू म्हणाला. त्याचा आवाज असा झाला जसा सहा घरं असणं हा आमचाच काही गुन्हा आहे.

"मग कंपनीला परवडत नाही सर. तुम्हाला स्वतंत्र खांब टाकून लाइन देता येईल, त्याचा खर्च तुमचा." आणि तिनं कागदावर आकडा लिहून काचेखालून सरकवला. दत्तूनं तो वाचून खिशात घातला. रस्त्यात सांगितलं, दोन दुभत्या म्हशी येतील एवढा होता.

मी त्या पोरीला म्हटलं, "बाळा, आठ माणसांना चार दिवस भाकरी घातली मी. ती मला परवडली का, हे कुणी विचारलं होतं का?" ती बिचारी फडक्यामागं कसनुसं हसली. "आजी, मी फक्त स्क्रीनवर दिसतं ते सांगते." तिचा काय दोष. पण शिसारी आली, ऋतू. हो, तोच शब्द. कुजलेल्या शेवंतीच्या ढिगात हात गेला की येते ना, तशी. ज्याचा राग येतो तो माणूस समोर असतो, त्याला चार शब्द सुनवता येतात. इथं समोर कुणीच नव्हतं. नुसता गोड आवाज, गार हवा आणि भिंतीवर एका हसऱ्या कुटुंबाचं चित्र, आजी-आजोबा-नातवंडं सगळी एका पडद्याकडं बघतायत. त्या चित्रातल्या आजीचं लुगडं सुद्धा इस्त्रीचं.

मग तू भिंतीपाशी जाऊन बसायला लागलीस, ते आठवतंय ना? सोसायटीच्या बागेमागं, करंजाच्या झाडाखाली, टोमॅटोचं रिकामं कॅरेट पालथं घालून. बी विंगमधल्या शोभाताईंनी तुला बागेतल्या नेटचा पासवर्ड दिला होता. मी त्यांच्या देवासाठी रोज एक गजरा जास्त घालायची, त्या नको म्हणायच्या, मी घालायचीच. पंधरा दिवस सुखाचे गेले. तुझ्या वहीत गणितांना खालची बाजू आली. सोळाव्या दिवशी वॉचमन आला. हरसूलकडचा माणूस, तुझ्या बापाच्या वयाचा. तुझ्याशी बोलायचं त्याच्या जिवावर आलं, म्हणून मला शोधत गेटवर आला.

"बाय, पोरीला उठवा म्हणत्यात. मला सांगाया लावलंय." मग खाली बघून म्हणाला, "माझी पोरं गावाकडं टेकाडावर जाऊन बसत्यात अभ्यासाला, रेंजसाठी. मला कळतंय सगळं. पण नोकरी हाय."

मी सेक्रेटरींना गेटवर बोलावलं. आले. बोलायला अगदी सभ्य. "मावशी, गैरसमज करून घेऊ नका. नेटचे पैसे सभासद भरतात."

"पोरगी भिंतीच्या बाहेर बसलीय, साहेब."

"ती बाहेर बसलीय हो, पण सिग्नल आतला आहे ना."

चांगलं उत्तर मला नेहमी घरी आल्यावर, हातपाय धुताना सुचतं. माझ्या मोगऱ्याचा वास रोज सकाळी भिंत ओलांडून त्यांच्या बाल्कनीत जातो, तो बाहेरचा की आतला? पण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा टोपली घेऊन तिथं गेले, आणि त्यांच्या दाराची पुडी सगळ्यात ताज्या फुलांची बांधली. सवयीनं बांधली. त्या सवयीचा पण मला वीट आला.

आता ते. ज्याच्यासाठी ही वही उघडली.

तुला पुण्याच्या त्या कॉलेजात जायचं होतं, जिथं आकड्यांचं शास्त्र शिकवतात. वर्षभर तू तेवढंच बोललीस. परीक्षा घरी बसून कॅमेऱ्यासमोर द्यायची होती, अकरा ते एक. मधेच नेट तुटलं तर बाद, परत आत घेत नाहीत. नियम तू मला मराठीत करून वाचून दाखवला होतास: वेगवान आणि अखंड इंटरनेटची सोय उमेदवारानं स्वतः करायची आहे. मी म्हटलं, मग पेपर सोपा असेल, अवघड ते त्यांनी आधीच विचारून घेतलंय. तेव्हा तू हसलीस. शोभाताई स्वतःहून म्हणाल्या, "ऋतूला माझ्याकडं पाठवा. मागची खोली रिकामी आहे. सेक्रेटरींचं मी बघते." देवानं काही माणसं भिंतीच्या आत पण नीट घडवलेली असतात.

त्या दिवशी सकाळी तू पिवळा ड्रेस घातलास. मी तुझ्या हातावर दही-साखर ठेवली, तू चाटून हात माझ्याच पदराला पुसलास. दहा वाजता बांधावरून गेलीस, फाइल छातीशी धरून. दत्तू पाळीवर होता, मंगल गेटवर टोपली घेऊन गेली होती. मी पाणी भरायला उतरले. शेवंतीची रोपं नुकतीच लावलेली, ऊन कडक. दारं धरली. पहिला वाफा भरला, दुसरा भरला, तिसरा काही भरेना. पाणी कुठं जातंय बघायला बांधाकडं गेले तर त्या चराची माती खचलेली, पाणी सगळं तिथं जिरत होतं. बुजवताना नीट चोपलीच नव्हती त्यांनी. मी फावड्यानं माती ओढायला लागले, तर वीतभर खाली फावडं कशाला तरी अडकलं. काळी नळी. चिखलानं माखलेली.

ऋतू, मी त्याच बांधात दोन वर्षांपूर्वी ठिबकच्या जुन्या नळ्या पुरून ठेवल्या होत्या. रंग तोच, जाडी तीच. आणि वायर कमरेइतकी खोल आहे, हे मला मुकादमानं सांगितलं होतं. मी त्याचा शब्द असा धरला होता जसा विहिरीचा काठ. वीतभर खाली आहे ते वायर असूच शकत नाही. मी कोयता घेतला. नळी आडवी आली की आपण कापून ओढून टाकतो, तसा घातला. पहिला घाव निसटला. दुसऱ्यात तुटली.

नळी पोकळ निघायला हवी होती. आत तंतू निघाले. निळा, नारिंगी, हिरवा, भरतकामाच्या रेशमासारखे, आणि त्यांच्या टोकाला केसाएवढी काच. ऊन पडलं तेव्हा ती चमकली.

मला कळलं. कळल्यावर मी काय केलं ते ऐक, आणि हस हवं तर. मी दोन्ही टोकं पदरानं पुसली, एकमेकांवर ठेवली, आणि गजरे बांधायच्या केळीच्या सोपटाच्या दोऱ्यानं गच्च बांधली. विजेची वायर जोडतात तशी. वर मूठ आवळून धरून बसले. म्हटलं, जाईल. माझ्या हातातून जाईल पुढं. किती वेळ बसले माहीत नाही. पाटाचं पाणी फुटून सगळ्या रोपांवरून गेलं तरी उठले नाही.

तासाभरात दोन गाड्या आल्या. महिनोन् महिने ज्यांना आमचा पत्ता सापडत नव्हता ते सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले, कारण त्यांच्या यंत्रानं दाखवलं की तुटलंय ते इथं, या फुटावर. सोसायटीच्या घराघरातून फोन गेले होते. मुकादम तोच. त्यानं माझी मूठ हळूच सोडवली, सोपटाची गाठ बघितली.

"मावशी, किती वाजता तुटली?"

"माझी नात परीक्षा देतीय रे तिथं. लवकर जोड."

त्यांनी छोटा तंबू लावला, आत यंत्र ठेवलं, काच काचेला वितळवून जोडायला लागले. सुरेख काम होतं, खोटं कशाला बोलू. मी शेजारी चिखलात बसून म्हटलं, "उघडलीच आहे तर त्यातला एक तंतू आमच्याकडं काढून दे."

"मावशी, मला तेवढं करता येत नाय. तोडलेलं जोडायचं, एवढंच माझं."

मग तो कागद घेऊन माझ्याजवळ उकिडवा बसला, आवाज खाली आणला. "हे बघा, वर लिहून द्यावं लागतं. तुम्ही तोडली लिहिलं तर भरपाई तुमच्यावर येईल. आन् सायेब मला विचारतील, कमरेइतकी खोल वायर म्हातारीच्या कोयत्याला लागली कशी? मग मी पण गेलो. उंदरानं कुरतडली लिहितो. तुम्ही पण उंदीरच म्हणा."

मी होकाराची मान हलवली. उंदराला शिव्या देत तू हे आजवर धरून चाललीस. उंदीर नव्हता, ऋतू. मी होते.

एकच्या आधीच त्यांचं काम झालं. तू दोन वाजता बांधावरून आलीस, चिखलात चपला हातात घेऊन. मंगलनं विचारलं तर म्हणालीस, "नेट गेलं. बेचाळीस प्रश्न झाले होते. शोभाकाकूंनी त्यांच्या फोनवरून लावून दिलं, पण परत आत घेत नाहीत."

"अगं पण गेलं कशानं?" मंगल म्हणाली.

मी रोपं सारखी करत होते. मान वर न करता म्हटलं, "उंदरानं कुरतडली म्हणे."

"उंदीर," तू म्हणालीस. मग दोनदा म्हणालीस. मग एक हसू आलं तुझ्या तोंडावर, ते मी तुझ्या तोंडावर त्याआधी पाहिलं नव्हतं. ते मोठ्या माणसाचं हसू होतं. आमच्या घरात ते यायला अजून दहा वर्षं लागायला हवी होती. तू हात धुतलेस, सुई-दोरा घेतलास आणि माझ्याशेजारी बसून झेंडूच्या माळा करायला लागलीस. एकही माळ वाकडी झाली नाही. तू रडली असतीस तर मी तेव्हाच सांगून टाकलं असतं.

दत्तूनं त्या परीक्षेवाल्यांना पत्र पाठवलं, फोन केले. फोनवर बाई नाही, यंत्र बोलायचं. शेवटी दोन ओळींचं उत्तर आलं, की तांत्रिक अडचणीची जबाबदारी उमेदवाराची आहे. तू इथल्याच कॉलेजात गेलीस, नाव काढलंस, आज पुण्यात कंपनीत आहेस. दत्तू म्हणतो, "बघ आई, काय अडलं?" अडलं. जे व्हायला हवं होतं ते न होता दुसरंच बरं झालं, तर त्याला काही न अडणं म्हणत नाहीत. आणि तुझ्यासारखी बरी झालेली एक. त्या वॉचमनची टेकाडावर बसलेली पोरं काय झाली, मी त्याला विचारलं होतं मागं. थोरला द्राक्षाच्या बागेत कामाला जातो म्हणाला. पुस्तकं घरातच आहेत म्हणाला, वाळवी लागू नये म्हणून बायको ऊन दाखवते.

मला शिसारी कुणाची येते, हे मी खूप वेळा ठरवायचा प्रयत्न केला. मुकादमाची येत नाही, त्याच्या पोटी पोरं होती. काचेमागच्या पोरीची नाही. सेक्रेटरींची येते, पण तेवढी नाही. माझ्या मान हलवण्याची येते. आणि त्या शब्दाची येते, परवडत नाही. तो शब्द नेहमी एकाच बाजूनं बोलला जातो. आता रस्त्यावर मोठमोठे फलक आहेत, आणखी वेग, आणखी स्वस्त. त्या फलकाचा खांब आमच्या कोपऱ्यावर रोवलाय. सावली मळ्यात पडते, रेंज पडत नाही.

आता कामाचं ऐक. मागच्या आठवड्यात मुकादम पुन्हा आला. केस पिकलेत त्याचे, कंपनी पण दुसरी आहे. सोसायटीपलीकडं नवीन बिल्डिंगी होतायत, त्यांच्यासाठी दुसरी वायर न्यायचीय, आमच्याच बांधातून. मी चहा दिला. भाकरी दिली नाही. म्हटलं, "बाबा, आधी माझा वाफा भिजेल, मग पाणी पुढं जाईल. आणि या वेळी लिहून दे." त्याला वाटलं म्हातारी चेष्टा करतेय. मी केली नाही. दोन दिवसांनी तो खरोखर कागद घेऊन आला. म्हणाला, "मावशी, यात लिहिलंय तुम्हाला कनेक्शन देणार म्हणून. पुढल्या मंगळवारी सही घेऊन जातो." सहा पानं आहेत. सगळी इंग्रजीत. मी चष्मा लावून सगळ्या पानांकडं बघितलं. कनेक्शन कुठल्या ओळीत आहे ते मला दिसलं नाही, आणि मंगल म्हणते, ती ओळ नसेलही. दत्तू म्हणतो फोटो काढून ऋतूला पाठव. मी टाकीवर चढून पाठवायला बसले, तीन पानं गेली, चौथं गोल गोल फिरत राहिलं. मग मी खाली उतरले. म्हटलं, नको. या वेळी ते कुणाच्या काचेतून जाऊ नये.

कागद मी पिठाच्या डब्याखाली ठेवलाय, हळदीचा डाग लागू दिला नाही. तू आलीस की ओट्यावर बसून एकेक ओळ मराठीत वाच. वायरची खोली किती लिहिलीय ते पण बघ. वाचून झाल्यावर तुला मी बांधाकडं नेईन आणि ती जागा दाखवेन. तिथं आता गवत आहे, काही दिसत नाही, पण मला डोळे मिटून सापडते. ही वही एसटीच्या पार्सलनं पाठवतेय, मंगळवारच्या आत ये. दीड दिवसासाठी नको. हे प्रकरण वाचून रागावली असशील, तर रागावून ये, वाटेत राग सांडू नकोस, पूर्ण घेऊन ये. पण ये गं लवकर. तू वाचल्याशिवाय मी सही करणार नाही.